आर्टिस्ट मिळत नाही, की आपली ऑफरच कच्ची आहे?



स्वतःचा छोटा गेम बनवून विकायचा, असं म्हणणारी मुलं आता फक्त पुण्या-मुंबईतली राहिलेली नाहीत. सांगली, जळगाव, लातूरहूनही मेसेज येतात. आणि बहुतेक मेसेजचा सूर एकच असतो: "सर, आयडिया भारी आहे. कोडिंग मी स्वतः करतो. फक्त आर्टिस्ट मिळत नाही. प्रॉफिटमध्ये हिस्सा देईन, कुणी असेल तर सांगा."

यावर माझं मत आज स्पष्ट लिहितोय. काहींना लागेल. पण धंदा करायचाय तर ऐकून घ्या.

आर्टिस्ट आहेत. इन्स्टाग्राम उघडा, आर्टस्टेशन उघडा, मुंबईच्या जेजेमध्ये किंवा पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांची कामं लागतात तेव्हा एक चक्कर मारा. एकापेक्षा एक हात दिसतील. ते तुमच्याकडे येत नाहीत, कारण तुमची ऑफर त्यांना परवडत नाही. म्हणजे हा व्यवहाराचा प्रश्न आहे. आणि व्यवहाराचा प्रश्न असेल तर तो सोडवता येतो, ही यातली चांगली बातमी.

जोखीम दोघांची सारखी नसते

"मी पण फुकटच काम करतोय ना सर, मग त्याने केलं तर काय झालं?" हा युक्तिवाद मी खूप वेळा ऐकतो. ऐकायला बरोबर वाटतो. पण जरा खोलात जा.

गेम तुमच्या डोक्यातला आहे. गेम बुडाला तरी कोड तुमच्याकडे राहतो. मेनू, सेव्ह सिस्टीम, स्कोअर मोजायची पद्धत, हे सगळं पुढच्या गेमला वापरता येतं. नोकरीच्या मुलाखतीत दाखवता येतं.

आर्टिस्टचं काय? त्याने तुमच्या कथेतला मावळा काढला, तुमच्या कथेतली गुहा रंगवली. गेम अर्धवट राहिला तर ती गुहा दुसरीकडे कुठे चालणार? वर तुम्ही सांगितलेलं असतं, "रिलीज होईपर्यंत कुठे टाकू नको हं." म्हणजे पोर्टफोलिओतही नाही. सहा महिने गेले आणि हातात दाखवायला काही नाही.

त्याच सहा महिन्यांत त्याने लग्नाची कॅरिकेचर्स केली असती, पुस्तकाची मुखपृष्ठं केली असती, कुणाच्या यूट्यूबचे थंबनेल केले असते. नगावर पैसे मिळतात ते. तुमच्या गेमला दिलेला प्रत्येक तास त्याच्या कमाईतून वजा होतो. तुमची नोकरी चालू असते, पगार पहिल्या तारखेला येतो. त्याचा येत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे चित्रकलेकडे वळलेल्या मुला-मुलींनी घरी एक वाक्य हजारदा ऐकलेलं असतं: "चित्रं काढून पोट भरतं का?" त्या घरात भांडून तो या क्षेत्रात आलाय. आता तुम्ही म्हणता, पैसे नंतर बघू. तुम्ही त्याच्या वडिलांचं म्हणणं खरं करून दाखवताय!

ज्यांनी मोठ्या स्टुडिओत काम केलंय, तेही पोळलेले आहेत. २०२५ च्या सुरुवातीला टेक्निकलर हा व्हीएफएक्स आणि अ‍ॅनिमेशनमधला जगभर पसरलेला समूह कोसळला आणि भारतातल्या त्याच्या आर्टिस्टना अचानक घरी बसावं लागलं. एवढं मोठं नाव बुडू शकतं हे पाहिलेल्या माणसाला "भाई, गेम हिट झाला की सगळं देतो" हे वाक्य कसं ऐकू येत असेल, विचार करा.

हिश्शाचा हिशोब कागदावर मांडा

चला, उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका.

तुमचा गेम स्टीमवर २४९ रुपयांना लागला. पहिल्या वर्षात ५०० प्रती विकल्या. नवख्या माणसासाठी हा आकडा वाईट म्हणता येणार नाही. एकूण झाले १,२४,५०० रुपये. स्टीमचा नेहमीचा वाटा ३० टक्के, म्हणजे उरले ८७,१५०. कर, परत केलेल्या प्रती, सेलमधली सूट, हे सगळं आपण सोडूनच देऊ. आर्टिस्टला तुम्ही २५ टक्के कबूल केलेत. त्याच्या हाती आले साधारण २१,८००.

त्याने आठ महिने काम केलं असेल तर महिन्याला पडले सुमारे २,७०० रुपये. तेही काम संपल्यावर, गेम रिलीज झाल्यावर, विकला गेल्यावर.

आता तुम्ही त्याच्या जागी बसा. घ्याल हे काम?

आणि बरेच प्रोजेक्ट तर रिलीजपर्यंत पोचतच नाहीत. तिथे २५ टक्के असोत की ५० टक्के, शून्याचे २५ टक्के शून्यच. तरीही टक्केवारीवरून मित्रा-मित्रांत भांडणं होतात. गेमचा अजून एक लेव्हल तयार नाही आणि हा म्हणतो ३० पाहिजेत, तो म्हणतो २० देतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

गंमत म्हणजे हाच माणूस स्टीमची गेममागे १०० डॉलर फी भरायला तयार असतो. नवीन ग्राफिक्स कार्ड घेतो, चांगली खुर्ची घेतो. फक्त ज्याच्या हातामुळे गेमचं पहिलं चित्र ग्राहकाला दिसणार, त्याच्यासाठीच बजेट नसतं. ग्राहक दुकानाच्या पानावर आधी काय बघतो? तुमचा कोड नाही बघत. चित्र बघतो.

"एक आर्टिस्ट पाहिजे" म्हणजे नक्की काय पाहिजे?

दुसरी अडचण इथे आहे. घर बांधताना आपण "एक कारागीर पाहिजे" असं म्हणतो का? गवंडी वेगळा, सुतार वेगळा, प्लंबर वेगळा. गेममध्येही तसंच आहे. कल्पनाचित्रं काढणारा वेगळा. कॅरेक्टर करणारा, बॅकग्राउंड रंगवणारा, अ‍ॅनिमेशन करणारा, बटणं आणि मेनू करणारा वेगळा. थ्रीडी असेल तर मॉडेल बनवणारा आणि त्या मॉडेलला हाडं-सांधे बसवणारा, म्हणजे रिगिंग करणारा, हेही अनेकदा वेगवेगळे. यातलं सगळं येणारी माणसं आहेत, पण थोडी आहेत आणि त्यांचा भाव तसाच आहे.

शिवाय कामाचा आकार तुम्हालाच माहीत नसतो. साधा टूडी गेम घ्या. हिरोच्या सहा हालचाली: उभं राहणं, चालणं, उडी, वार, मार खाणं, मरणं. प्रत्येकीला आठ चित्रं धरली तर ४८ चित्रं झाली. चार शत्रू, प्रत्येकाच्या चार हालचाली, प्रत्येकीला सहा चित्रं, म्हणजे आणखी ९६. एकूण १४४ चित्रं. अजून बॅकग्राउंड नाही, मेनू नाही, पोस्टर नाही. तुम्ही मात्र मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, "थोडंसंच काम आहे."

आणि मग संदर्भ म्हणून पाठवता कोणता गेम? कपहेड! मित्रांनो, कपहेडची अ‍ॅनिमेशन कागदावर हाताने काढलेली आहेत. तो बनवणाऱ्या मोल्डनहॉवर बंधूंनी त्यासाठी घरं गहाण टाकली आणि २०१७ ला गेम बाहेर आला. तुमची तयारी तेवढी असेल तर जरूर तो संदर्भ पाठवा.

मग करायचं काय? तीन रस्ते आहेत

पहिला रस्ता: आर्टिस्टला खरंच भागीदार करा. आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवणारा नॉडिंग हेड्स गेम्स हा स्टुडिओ. त्याच्या संस्थापकांमध्ये श्रुती घोष या स्वतः आर्टिस्ट आहेत. राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्यांच्या पद्धतीने सांगितलेली गोष्ट, ही त्या गेमची ओळखच आहे. आर्टिस्टला शेवटी बोलावून रंग मारून घेतले असते तर असा गेम झाला नसता. त्यांचा रस्ताही सोपा नव्हता. २०१७ मधली त्यांची किकस्टार्टर मोहीम ठरलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही. तरी काम चालू राहिलं, २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

यातून घ्यायचा धडा असा: भागीदार करायचं असेल तर निर्णयातही भागीदार करा. कथा तुम्ही ठरवणार, डिझाइन तुम्ही ठरवणार, नाव तुमचं आणि त्याने फक्त सांगेल ते काढायचं, वर पैसे नंतर. ही भागीदारी नाही. ही बिनपगारी नोकरी आहे.

दुसरा रस्ता: काम विकत घ्या, पण छोटं घ्या. पूर्ण गेमसाठी माणूस शोधू नका. एक कॅरेक्टर, एक बॅकग्राउंड, एवढंच काम ठरवा आणि त्याचे रोख पैसे द्या. समजा पाच हजारांचं काम आहे. तुम्हाला त्या माणसाची वेळ पाळायची सवय कळेल, त्याला तुमची बोलण्याची पद्धत कळेल. पटलं तर पुढचं काम, नाही पटलं तर राम राम, कुणाचं नुकसान नाही. आणि हो, "आधी फुकट सॅम्पल दे, मग बघू" हे बंद करा. नमुना त्याच्या पोर्टफोलिओत आहे. तुमच्या गेमसाठी वेगळं काढून हवं असेल तर ते काम झालं, त्याचे पैसे द्यायचे.

तिसरा रस्ता: कमी चित्रांत चालेल असा गेम बनवा. माझ्या मते सुरुवात करणाऱ्या बहुतेकांसाठी हाच रस्ता योग्य आहे. 'थॉमस वॉज अलोन' या २०१२ च्या गेममधली पात्रं म्हणजे नुसते रंगीत आयत आहेत! तरी लोकांना ती माणसांसारखी वाटली, कारण लिखाण आणि आवाज चांगला होता. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' एका माणसाने तयार विकत मिळणाऱ्या चित्रांवर सुरू केला आणि २०२३ मध्ये त्याला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. अ‍ॅडम्स बंधूंचा हा गेम २००६ पासून लोकांसमोर होता. चित्रं जवळजवळ नाहीतच, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. पण खेळ इतका खोल की चाहत्यांनी आपणहून त्यासाठी चित्रांचे संच बनवले. पुढे स्टीमवरच्या आवृत्तीची चित्रं काढायला त्याच चाहत्या आर्टिस्टना घेतलं. डिसेंबर २०२२ मध्ये ती आवृत्ती आली आणि महिन्याभरात लाखो प्रती खपल्या. बघा, आधी गेम खेळण्यालायक झाला आणि मग आर्टिस्ट त्याच्याकडे चालत आले.

तुम्हीही आधी चौकोन-गोल वापरून गेम खेळता येईल एवढा बनवा. केनीच्या साइटवर फुकट आणि कुणालाही धंद्यासाठी वापरता येतील अशी चित्रं आहेत, ती लावा. मग तो गेम आर्टिस्टच्या हातात द्या. "माझ्याकडे आयडिया आहे" म्हणणारे त्याला रोज भेटतात. "हे घे, पाच मिनिटं खेळून बघ" म्हणणारा क्वचित भेटतो. दुसऱ्या माणसाकडे तो लक्ष देतो, कारण हा माणूस काम पूर्ण करतो हे त्याला दिसतं.

ओळख करून घ्यायची असेल तर गेम जॅमला जा. ग्लोबल गेम जॅम दरवर्षी जानेवारीच्या सुमारास होतो, इच डॉट आयओवर तर वर्षभर चालू असतात. काही दिवसांत दोघांनी मिळून एक छोटा गेम पूर्ण करायचा. तिथे सगळेच फुकट काम करतात, पण ते किती दिवस करायचं हे ठरलेलं असतं आणि शेवटी दोघांच्या हातात दाखवायला गेम असतो. हा फरक लक्षात घ्या.

कागद करा. मित्र असला तरी करा. मित्र असला तर नक्कीच करा.

आपल्याकडे कागदाचं नाव काढलं की "विश्वास नाही का?" असं विचारतात. विश्वास टिकावा म्हणूनच कागद करायचा असतो.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साधारण नियम असा की चित्र काढणारा हा त्याचा पहिला मालक. पगारी नोकर असेल तर वेगळं, आणि आणखीही काही अपवाद आहेत, पण अपवादाच्या भरवशावर धंदा करू नये. मालकी हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला म्हणजे हक्क मिळाला, असं समजू नका. त्याहून महत्त्वाचं: करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरता धरला जातो. तुमचा गेम तर स्टीमवर जगभर विकायचाय! म्हणून "जगभरासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी" असे शब्द करारात हवेत. हक्क विकला तरी "हे मी काढलंय" असं म्हणण्याचा आर्टिस्टचा हक्क कायदा राखून ठेवतो. त्यामुळे क्रेडिटमध्ये नाव देणं हा उपकार नाही.

हिश्शावर काम करणाऱ्यांनी आणखी एक ऐका. १९३२ च्या भागीदारी कायद्यात, वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदारांचा नफा समान वाटला जातो, आणि तोटाही समान. नुसता नफा वाटून घेतला म्हणजे भागीदारी झालीच असं नाही, पण वाद झाला की हाच मुद्दा वकील काढणार. आधीच लिहून ठेवा. कोण मध्येच सोडून गेला तर त्याचा हिस्सा किती, हेही लिहा. एकदम २५ टक्के नावावर करण्यापेक्षा कामाच्या टप्प्यांप्रमाणे हिस्सा पक्का होत जाईल असं ठरवा. आणि करार एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

"सर, एआय आहे ना आता!"

माहीत होतं, हा प्रश्न येणारच. स्वतःला कल्पना यावी म्हणून एआयवर दोन-चार चित्रं काढून बघायला माझी हरकत नाही. पण विकायच्या गेममध्ये टाकणार असाल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. जानेवारी २०२४ पासून स्टीम तुम्हाला एआयचा वापर जाहीर करायला लावतं आणि ती माहिती ग्राहकाला पानावर दिसते. दुसरं, आर्टिस्ट लोकांमध्ये यावर राग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनवर त्यांनी एआयविरोधात फलक लावून आंदोलन केलं होतं. उद्या तुम्हाला खरा आर्टिस्ट लागला आणि तुमचं पान एआयच्या चित्रांनी भरलेलं असेल, तर तो आधी तेच बघणार. शिवाय एकाच मावळ्याचा चेहरा १४४ चित्रांत सारखा ठेवणं किती डोकेदुखीचं आहे, ते करून बघा म्हणजे कळेल.

आर्टिस्टचीही चूक असते, मान्य

नाण्याची दुसरी बाजू सांगतो. अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब होणारे आर्टिस्ट आहेत. "उद्या देतो" म्हणत तीन महिने लावणारे आहेत. त्यामुळे अनेक मुलं खरोखर अडकली आहेत आणि त्यांचा राग खोटा नाही.

पण यावर उपाय फुकट काम करून घेणं हा नाही. उलट, फुकट काम करणाऱ्याला तुम्ही जाब तरी कसा विचारणार? पैसे दिले की तारीख मागता येते. ४० टक्के आधी, ३० टक्के कच्चं रेखाटन मंजूर झाल्यावर, ३० टक्के शेवटच्या फाइली मिळाल्यावर, असे टप्पे करा. बदल किती वेळा करून मिळतील ते ठरवा, दोनदा म्हणजे दोनदाच. लेअर असलेल्या मूळ फाइली मिळतील का, ते आधीच विचारा. आणि स्वतःही शिस्त पाळा. चित्र आल्यावर दोन दिवसांत उत्तर द्या. "अजून थोडं भारी कर" हे उत्तर नव्हे. काय बदलायचं ते नेमकं सांगा.

"सर, पैसे नाहीतच माझ्याकडे." हरकत नाही, खूप जणांकडे नसतात. मग गेम छोटा करा. महिन्याला दोन हजार बाजूला टाका, सहा महिन्यांत बारा हजार होतील, त्यात मुख्य कॅरेक्टर आणि दुकानाच्या पानाचं चित्र करून घ्या, बाकी तयार चित्रांवर भागवा. तुमच्या खिशाला झेपेल एवढंच स्वप्न पहिल्या गेममध्ये बघा. दुसऱ्या गेमला मोठं बघा.

मी हे फक्त गेमवाल्यांसाठी लिहिलेलं नाही. मसाल्याच्या पाकिटाचं लेबल करून घेणारी ताई असो, कपड्यांच्या ब्रँडचा लोगो करून घेणारा दादा असो, हिशोब हाच आहे. दुसऱ्याच्या कलेवर आपला धंदा उभा राहणार असेल तर त्या कलेचे पैसे हा खर्च आहे. जसं भाडं, जसं वीजबिल, तसाच. तो खर्च पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

या आठवड्याचं काम: तुमच्या गेमला लागणाऱ्या चित्रांची यादी करा. एक-एक करून मोजा. मग त्या यादीतलं निम्मं खोडा. उरलेल्यातलं कोणतं पहिलं चित्र तुम्ही पैसे देऊन करून घेणार, ते ठरवा. आणि मगच आर्टिस्टला मेसेज टाका: "हे काम आहे, एवढे पैसे आहेत, ही तारीख आहे." उत्तर येतं की नाही, ते मला सांगा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा करा, पण हिशोबाने करा!